घरी काय दाखवू?

कलेचे शिक्षण घेताना एका सत्रापुरत्या परदेशी गेलेल्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या पालकांकडून गेली काही वर्षे समुपदेशक म्हणून मी एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आहे. मुले म्हणतात, “इथे माझ्या हातून काहीच होत नाही, बाकीचे सगळे माझ्या पुढे आहेत.” पालक म्हणतात, “एवढे पैसे घातले आणि पोरगी खोलीत बसून रडते. परत बोलावून घ्यावी का?” अभियांत्रिकीसाठी गेलेल्यांच्या घरातही काळजी असते, पण तिथे परीक्षा आणि गुण असल्यामुळे त्या काळजीला निदान एक तारीख असते. कलाविद्यालयात ‘चांगले चालले आहे’ हे कशावरून ठरवायचे, हेच घरच्यांना ठाऊक नसते, आणि पुष्कळदा मुलांनाही नसते. अनुषाची हकीकत याच काळजीची आहे. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिची आणि तिच्या पालकांची संमती घेतली आहे.

अनुषाचे कुटुंब सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात हिंदी-इंग्रजी, अशा भाषा ती एकामागून एक सहज ओलांडत आली होती; त्यामुळे “तिला तिथली भाषा येत नाही, म्हणून असं होत असेल,” हा तिच्या आईचा अंदाज मला पहिल्यापासूनच पटला नाही. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर विणून उमटवायची, डिझाइने करतात, पूर्वी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून आणि आता संगणकावर. मुलगी टेक्सटाइल डिझाइन शिकत होती आणि तिसऱ्या वर्षी एक्स्चेंज प्रोग्राममधून जर्मनीतील एका कलाविद्यालयात हिवाळी सत्रासाठी तिची निवड झाली. ऑक्टोबरात ती गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस आई-वडील माझ्यासमोर बसले होते.

“मॅडम, आपल्या गावचे कोटणीस डॉक्टर चीनला गेले, ते परत आले का?” वडिलांनी अर्धवट हसत विचारले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले, हे सोलापुरात शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. वडिलांना इतिहास विचारायचा नव्हता. गेली तशीच मुलगी परत मिळेल का, एवढेच त्यांना हवे होते, आणि ते सरळ विचारणे त्यांना जड जात होते.

अशा वेळी मी आधी साध्या गोष्टी पाहते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली आहे का, अंथरुणातून उठवतच नाही असे आहे का, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलणे झाले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर समुपदेशकाची वाट पाहत बसू नये. जर्मनीत विद्यार्थी-सेवा संस्थांमार्फत मानसिक आधाराची सोय असते, तिथे मुलांनी त्याच आठवड्यात वेळ घ्यावी. जीवाला धोका वाटला, तर युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो. इथे काळजीने खचलेल्या पालकांसाठी शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. अनुषाच्या बाबतीत तसे काही नव्हते. ती जेवत होती, वर्गाला जात होती आणि परत येऊन रडत होती.

अनेक लेखांतून पालकांनी ‘सांस्कृतिक धक्का’ हा शब्द उचललेला असतो. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली त्याचे टप्पे मांडले आणि ते उपयोगी आहेत, यात शंका नाही. पण एखाद्या मुलीचे रडणे ‘दुसरा टप्पा’ म्हणून, म्हणजे नव्याची नवलाई ओसरल्यावरची निराशा म्हणून, नोंदवले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही, ही त्यातली अडचण आहे. मला तो शब्द घाईने वापरायला आवडत नाही.

व्हिडिओ कॉलवर अनुषा पहिल्यांदा बोलली, तेव्हा तिने शिक्षकांविषयीच सांगितले. तिथे एका प्राध्यापकाचा एक ‘क्लास’ असतो, त्यात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकत्र काम करतात आणि ठरावीक दिवशी सगळे मिळून एकेकाच्या कामापुढे उभे राहून बोलतात. काय करायचे हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे मूल एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून ठरलेल्या वेळात ठरलेला कागद पूर्ण करून द्यायला शिकते, आणि त्यातून हात तयार होतो, हे मी मुळीच कमी लेखत नाही. जर्मन कलाशिक्षणाची एक परंपरा वेगळी आहे. १९१९ साली वायमार येथे बाउहाउस हे कलाविद्यालय सुरू झाले, तेव्हा योहानेस इटन यांच्या प्रारंभिक वर्गात विद्यार्थी लाकूड, काच, लोकर, कागद हाताळून त्यांचे पोत आणि विरोध शोधत. त्या अभ्यासातून विकायची वस्तू निघावी, अशी अपेक्षा नव्हती. आजही तिकडच्या स्टुडिओत अर्धवट काम भिंतीवर लावण्याची कोणाला लाज वाटत नाही. अनुषाला मात्र वाटत होती.

“प्रोफेसरांना माझं काम आवडत नाही,” ती म्हणाली.

“असं ते म्हणाले?”

“तसं म्हणत नाहीत. पण कळतं.”

या ‘कळतं’पाशी मी नेहमी थांबते. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. घटना माणसाला तितके दुखवत नाही, जितका त्या घटनेला त्याने दिलेला अर्थ दुखवतो, हे त्यांचे सूत्र माझ्या हाडीमासी खिळले आहे. एलिस स्वतः त्याचे श्रेय प्राचीन ग्रीक विचारवंत एपिक्टेटसला देत असत. मी अनुषाला एक साधे काम दिले. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करायचे. डाव्या बाजूला समोरचा माणूस जे बोलला ते शब्दशः लिहायचे, स्वतःची एकही छटा त्यात मिसळायची नाही, आणि उजव्या बाजूला त्या वेळी मनात काय उमटले ते लिहायचे. पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली, तेव्हा डावी बाजू जवळजवळ प्रश्नचिन्हांनी भरलेली होती आणि उजवीकडे एकही प्रश्न नव्हता.

प्राध्यापकांनी विचारले होते, “यातला कोणता तुकडा तुला स्वतःला पुन्हा पाहावासा वाटतो?” उजवीकडे लिहिले होते, “यातलं काहीच पाहण्यासारखं नाही.” एका वर्गमैत्रिणीने विचारले होते, “हे अजून चालू आहे की झालं?” उजवीकडे होते, “हे अपुरं आहे, हिला जमत नाही.”

“त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर काय होतं?” मी विचारले.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “चालू होतं.”

“मग तिला तसं का नाही सांगितलंस?”

“कारण घरी मी ‘झालं’ म्हणून सांगितलं होतं.”

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि आले तर समुपदेशकाने लगेच बोलू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे. मी गप्प राहिले म्हणूनच पुढचे सगळे आले. घरच्या ग्रुपवर ती रोज एक फोटो पाठवत होती. पहिले दोन आठवडे ते फोटो नव्या कामाचे होते. नंतर दाखवण्यासारखे काही होईना, तेव्हा तिने पुण्यातल्या जुन्या कामाचे फोटो वेगळ्या कोनातून काढलेले पाठवायला सुरुवात केली. काका, मामी, चुलत भावंडे सगळे अंगठे आणि फुले टाकत होते. वडिलांनी तर त्यातला एक फोटो कारखान्यात दाखवला होता. आता स्टुडिओत नवे काही करायला घेतले की तिच्या मनात पहिला प्रश्न यायचा: हे घरी दाखवता येईल का? दाखवता येणार नाही असे वाटले, की हात थांबायचा.

ज्याला ती प्राध्यापकांची भीती म्हणत होती, ती प्राध्यापकांची नव्हतीच. तिच्या स्टुडिओत रोज संध्याकाळी सोलापूरचे सारे घर येऊन उभे राहत होते. हे मी तिला सांगितले नाही. तिने वहीत ते स्वतःच्या शब्दांत लिहिले. मला मात्र तेव्हा लख्ख दिसले की अशा मुलांच्या बाबतीत आपण चुकीच्या देशात उत्तर शोधत असतो. धक्का परक्या संस्कृतीचा कमी आणि आपल्या अपेक्षेचा अधिक असतो, आणि ती अपेक्षा प्रेमाच्या रूपात येत असल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. त्यानंतर ज्या ज्या कलाविद्यार्थ्याने मला ‘इथे काही होत नाही’ असे सांगितले, त्याला मी आधी घरच्या ग्रुपविषयी विचारते. हा प्रश्न फारसा वाया गेलेला नाही.

पुढचे काम सोलापुरातच करायचे होते. फोटोंविषयी अनुषाने घरी स्वतः सांगावे असे आमचे ठरले आणि तिने ते सांगितले. वडील दुखावले. ते एकटेच माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच कामाविषयी विचारले: नवे डिझाइन मागावर लावले की पहिला पीस कसा निघतो?

“पहिला कधीच बरोबर येत नाही. कुठे रंग दबतो, कुठे काठ ओढतो. दोन-चार सॅम्पल बाजूला टाकावेच लागतात.”

“मग अनुषाचे पहिले तीन महिने?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, कळलं मला. पण त्या सॅम्पलचा खर्च मालक सोसतो. हिचा मी सोसतोय.”

उत्तर चोख होते, आणि ते गोड बोलून टाळण्यासारखे नव्हते. अशा वेळी भावनांविषयी बोलत राहणे हा पळपुटेपणा असतो, म्हणून आम्ही कागद घेऊन खर्चच मांडला. त्यातून लक्षात आले की वडिलांच्या मनात जी रक्कम ‘जर्मनीची फी’ म्हणून बसली होती, ती फी नव्हतीच. एक्स्चेंजमध्ये साधारणपणे विद्यार्थी आपल्याच कॉलेजची फी भरत राहतो आणि तिकडचे शिक्षणशुल्क त्याला पडत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी सत्रशुल्क म्हणून एक तुलनेने लहान रक्कम असते. व्हिसासाठी जर्मनीत जे बंदिस्त खाते उघडावे लागते, त्यातले पैसे विद्यार्थ्याच्याच राहण्या-जेवणाचे असतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा ९९२ युरो धरली जाते. म्हणजे सहा महिन्यांना सहा हजार युरोंच्या आत-बाहेर. ती दर महिन्याला हप्त्याने हाती येते आणि उरली तर आपलीच राहते. नियम बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर आकडा पाहून घ्यावा. अनुषाच्या खात्यात दर महिन्याला थोडे उरतही होते, कारण ती स्वतः स्वयंपाक करत होती. पण घरात पैशाचा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम असल्यामुळे हे वडिलांना माहीत नव्हते, आणि वडिलांनी काढलेले कर्ज नेमके किती, हे तिला माहीत नव्हते. तिने मनाने त्याच्या दुप्पट धरले होते.

प्रत्येक पालकाला मी आता सांगते की मुलाला विमानात बसवण्यापूर्वी खर्चाचा कागद त्याच्यासमोर उघडा मांडावा. त्याला कळू नये म्हणून लपवलेले कर्ज तो कल्पनेने फेडत बसतो.

फोनची वेळ हीही अशीच एक दुर्लक्षित गोष्ट. घरचे रात्री साडेआठला, जेवणे आटोपली की, फोन करत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि जर्मनीशी आपला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर येतो. म्हणजे आधी तिकडच्या पाच वाजता येणारा फोन नोव्हेंबरपासून चार वाजता, ऐन स्टुडिओच्या वेळी वाजू लागला. डिसेंबरात तिकडे त्याच सुमारास अंधार पडतो. हाताला काम लागत आले असताना खिशात घर वाजायचे आणि “आज काय केलंस?” हा प्रश्न यायचा. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. फोन रविवारी सकाळी, निवांत. आणि कामाविषयी विचारायचे असेल, तर “दाखव” म्हणायचे नाही. आईला हे दुसरे अवघड गेले. तिला मुलीच्या कामात खरेच रस होता, आणि त्या रसाचे ओझे होते हे ऐकणे कोणत्याही आईला सोपे नाही. मी तिला सुचवले की तिने स्वतःच्या दिवसाविषयी आधी बोलावे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी, नंदीध्वज, अक्षता सोहळा यांचे वर्णन तिने इतके लांबवले की अनुषाने शेवटी आपणहून विचारले, “माझं ऐकायचंय का आता?”

मधल्या काळात अनुषाने मागावर काय केले, हे मला पूर्णपणे सांगता येणार नाही, कारण मी कलाशिक्षक नाही. इतके कळले की तिने सुटलेले, चुकलेले तुकडे टाकून न देता तारखेनिशी भिंतीवर लावायला सुरुवात केली. वर्गमैत्रिणीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिने “चालू आहे” असे सांगितले आणि त्या दोघी त्यावर तासभर बोलल्या. सत्राच्या शेवटी सारे विद्यालय लोकांसाठी खुले ठेवण्याची प्रथा अनेक जर्मन कलाविद्यालयांत आहे. तिथेही तिने ते तुकडेच मांडले. प्राध्यापक फार काही बोलले नाहीत. ते तिने डाव्या बाजूला लिहिले आणि उजवी बाजू कोरी ठेवली.

जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट उरते, कारण ‘क्रेडिट्स गेली तर वर्ष वाया जाईल’ ही भीती या सगळ्याच्या तळाशी असतेच. युरोपीय पद्धतीत पूर्ण शैक्षणिक वर्षाची ६० आणि एका सत्राची ३० क्रेडिट्स धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. त्यातले कोणते विषय आपले कॉलेज मान्य करणार, हे लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे विद्यार्थी आणि दोन्ही विद्यालये यांच्यातल्या विषयांच्या करारात, निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. तिकडे पोहोचल्यावर विषय बदलला, तर तो बदलही त्याच आठवड्यात दोन्हीकडून मान्य करून घ्यावा. अनुषाने सुरुवातीच्या गोंधळात एक विषय सोडला होता आणि तिची सहा क्रेडिट्स कमी पडली. तिच्या कॉलेजने चौथ्या वर्षी तिला एक जादा विषय घ्यायला लावला. तो तिने घेतला, आणि त्याची फी किती हे वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितले.