कॅश प्लॅनमध्ये कुटुंब घ्यावे का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो, मुले ९ आणि १५ वर्षांची आहेत. कंपनीने मला हेल्थ कॅश प्लॅन दिला असून, दरमहा जादा रक्कम भरल्यास कुटुंबालाही त्यात घेता येईल, असे कळवले आहे. एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) असताना ही रक्कम भरावी का? पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांनाही त्याचा लाभ मिळेल का?

उत्तर : कॅश प्लॅन म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारा खासगी वैद्यकीय विमा नव्हे. दात, चष्मा, फिजिओथेरपी अशा नेहमीच्या खर्चाचे पैसे आपण आधी भरायचे आणि पावती पाठवून ठरलेल्या वार्षिक मर्यादेपर्यंत ते परत मिळवायचे, एवढीच त्याची व्याप्ती असते. त्यामुळे कुटुंबाला त्यात घेण्यापूर्वी ही मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र आहे की सर्वांत मिळून एकच आहे, हे लाभांच्या तक्त्यात पाहावे. समजा, दातांसाठी वर्षाला १०० पौंडांची मर्यादा आहे आणि खर्चाची पूर्ण भरपाई मिळते. तुम्ही आणि तुमच्या पत्नीने एनएचएसच्या दंतवैद्याकडे दात भरून घेतले, तर एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने प्रत्येकी ७५.३० पौंड, म्हणजे एकूण १५०.६० पौंड होतात. मर्यादा स्वतंत्र असेल तर सगळे परत मिळतील. सामाईक असेल तर ५०.६० पौंड खिशातूनच जातील.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. अनेक योजनांत मुले जादा हप्त्याशिवाय घेतली जातात, मात्र कुठे त्यांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी असते, तर कुठे ती पालकांच्याच मर्यादेतून वजा होते. शिवाय इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांचे एनएचएस दंतोपचार आणि १६ वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी मोफतच असते. केवळ मुलांसाठी जादा पैसे मोजावे लागत असतील, तर ते मोजू नयेत, असे माझे मत आहे. पत्नीला चष्मा असेल किंवा फिजिओथेरपी घ्यावी लागत असेल, तर मात्र वर्षभराचा जादा हप्ता आणि संभाव्य परतावा कागदावर मांडून पाहावा. तिच्या बाबतीत सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ आणि आधीपासूनच्या आजारांविषयीची अट आहे का, हेही विचारून घ्यावे.

आईवडिलांना साधारणपणे अशा योजनेत घेता येत नाही. कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले, एवढेच त्यात धरतात. पाहुणे म्हणून येणाऱ्यांना एनएचएसच्या रुग्णालयातील बहुतेक उपचारांचे पैसे भरावे लागतात, म्हणून त्यांचा प्रवास विमा भारतातून निघण्यापूर्वीच काढावा.

पावत्यांबाबत एक गोष्ट (यावरूनच बरेचसे दावे अडतात). कार्ड यंत्रातून निघणारी चिठ्ठी पुरत नाही. पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख, उपचार आणि भरलेली रक्कम असावी लागते. पत्नीच्या उपचारांची पावती तुमच्या नावाने घेतली, तर दावा परत येऊ शकतो. दावा करण्याची मुदतही उपचाराच्या तारखेपासून ठराविक महिन्यांचीच असते, तेव्हा पावत्या वर्षअखेरीसाठी साठवून ठेवू नयेत.