हाताने चालतं, वेळेवर अडतं

प्रश्न: विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रोज रात्री २ वाजता बॅकअपची बॅच फाइल (संगणकाला ओळीने आज्ञा देणारी फाइल) लावली आहे. स्वतः डबल-क्लिक केली की चालते, रात्री मात्र 'ॲक्सेस इज डिनाइड', म्हणजे परवानगी नाही, असं येतं. असं का?

उत्तर: कारण रात्री ती तुम्ही लॉगिन करून उघडलेल्या सत्रात चालत नाही. आधी बॅकअप कुठे जातो ते पाहा. नेटवर्कवरचा फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडला असेल, तर ते अक्षर फक्त तुमच्या लॉगिनपुरतं असतं. फाइलमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. टास्कच्या जनरल टॅबमध्ये 'डू नॉट स्टोअर पासवर्ड'वर खूण असेल तर ती काढा. ती असताना टास्कला फक्त त्याच संगणकावरच्या फायली मिळतात. पासवर्ड बदललात तर टास्कमध्येही नवा भरावा लागतो, हे हमखास विसरलं जातं.

फायली याच संगणकावरच्या, पण संरक्षित फोल्डरमधल्या असतील तर 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' (तुमच्या खात्याच्या सर्वोच्च अधिकारांनी चालवा) निवडा. सरसकट मात्र नको: ती बॅच फाइल कोणालाही बदलता येत असेल, तर तुमचे सगळे अधिकार ती बदलणाऱ्याच्या हाती जातात.