द्राक्षावरचे भुरी आणि डाउनी हे रोग, दोन्ही बुरशीच का?
नाही, भुरी ही खरी बुरशी आहे, डाउनी नाही. आणि वनस्पती तर दोन्हीही नाहीत. फरक पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंतीत आहे. बुरशीची भित्तिका कायटिनची, किड्यांच्या कवचात असतं तेच. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये बुरशीला वेगळी सृष्टीच, म्हणजे वनस्पती आणि प्राण्यांसारखा सजीवांचा स्वतंत्र मोठा गट दिला, आणि डीएनएवरून ती प्राण्यांच्या जास्त जवळची ठरली. डाउनीच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं, नातं तपकिरी शैवालांशी. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात, म्हणून सोलापूर-पंढरपूरकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. बोलताना दोन्हींना बुरशी म्हटलं तरी चालेल, पण फवारताना नाही: गंधक भुरीवर चालतं, डाउनी त्याने आटोक्यात येत नाही.