शिवणकोपरा : पहिला गोधडी-रनर

मागच्या अंकात जेवणाच्या टेबलावर घालायच्या गोधडीकामाच्या रनरचा फोटो दिला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रं नवशिक्यांची आहेत. माझ्या क्लासमध्येही गोधडीकामाची सुरुवात मी रनरनेच करून घेते. अरुंद असतो, मशीनच्या हाताखालून सहज फिरतो, आणि चुकलंच तर एक रांग उसवून पुन्हा शिवता येते. पलंगाची गोधडी पहिल्यांदा हातात घेणाऱ्या कितीतरी जणींचं काम कपाटात अर्धवट पडून राहिलेलं मी पाहिलं आहे.

ताई, माझ्याकडे सासूबाईंची काळी मशीन आहे, सरळ टीप तेवढी येते. पिशव्या आणि अभ्रे शिवले आहेत. चार माणसांच्या टेबलासाठी रनर करायचा तर माप काय धरू आणि कापड किती आणू? (एक वाचक, ठाणे)

सरळ टीप येते ना, मग रनरला आणखी काही लागत नाही. त्या जुन्या काळ्या मशीनची टीप फार सुरेख पडते. तिला तेल घाला, शटलखालचा कचरा काढा आणि 14 नंबरची नवी सुई लावा.

तुमचं टेबल 4 फूट लांब आणि 3 फूट रुंद असेल असं धरते. रुंदीच्या साधारण एक तृतीयांश रनर शोभतो आणि दोन्ही टोकांना पाचेक इंच खाली लोंबला की पुरे. 5 इंचाचे चौकोन कापा. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाऊन प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा दिसेल. रुंदीला 3 आणि लांबीला 13 चौकोन, म्हणजे एकूण 39. तयार रनर साडेतेरा इंच रुंद आणि साडेअठ्ठावन्न इंच लांब होईल.

कापड सुतीच घ्या. 44 इंची पन्ह्यात 5 इंचाचे 8 चौकोन बसतात, म्हणजे तीन-चार रंगांची मिळून पाऊण मीटरभर तुकडे पुरतात. घरातल्या ब्लाउजपिसांतून बहुतेक कापड निघेलच. ओटीत आलेली पिसं मात्र बोटांत चुरगाळून बघा. बरीचशी पॉलिस्टरमिश्रित असतात, ती इस्त्रीखाली आकसतात आणि शेजारच्या सुती चौकोनाला ओढतात. खालच्या कापडाला एक मीटर लागेल. त्यातून 18 इंच रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या कापून मधोमध जोडा. कडेच्या गोटासाठी पाव मीटरच्या थोडं वर आणा.

आणि कापण्याआधी सगळं कापड पाण्यातून काढा. दुकानातलं कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. लाल, निळ्या आणि काळ्या छापाचं कापड पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड या रनरमधून काढून ठेवा, कितीही आवडलेलं असलं तरी.

चौकोन मापून कापले, तरी दोन रांगा जोडताना कोपरे कोपऱ्यांवर येत नाहीत. कुठे चुकतंय? (एक वाचक, कोल्हापूर)

शिवणीत चुकतंय. कापणं बरोबर असूनही हे होतं. पाव इंचाची शिवण एखाद्या मिलिमीटरने जास्त गेली, तर प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंचं मिळून 2 मिलिमीटर कापड खाल्लं जातं. 13 चौकोनांत 12 जोड, म्हणजे रांग जवळजवळ इंचभर आखूड. एक रांग आखूड आणि दुसरी बरोबर, मग कोपरे जुळणार कसे?

आधी ही परीक्षा करा. 2 इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, पाव इंचावर एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा. बरोबर 5 इंच भरल्या पाहिजेत आणि मधली पट्टी दीड इंच दिसली पाहिजे. कमी भरल्या तर टीप कडेच्या जरा जवळ न्या. नेमकी जागा सापडली की तिथे मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि कापडाची कड त्या चिकटपट्टीला टेकवूनच शिवा. नजरेच्या अंदाजावर पाव इंच ठेवायचा हट्ट नवशिकीने मुळीच करू नये.

दुसरी गोष्ट इस्त्री. पहिल्या रांगेतल्या सगळ्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसऱ्या रांगेतल्या डावीकडे, तिसऱ्या पुन्हा उजवीकडे. मग दोन रांगा समोरासमोर धरल्या की एकीच्या शिवणीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला जाऊन अडतो. अंगठा आणि तर्जनीत तो जोड चिमटीत धरून जरा सरकवून बघा, अडकलेला बोटांना कळतो. तिथे टाचणी लावा. हे प्रत्येक जोडाला करा. वेळ लागतो, पण माझ्या मते गोधडीकामातला हाच सगळ्यांत सुखाचा भाग आहे. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा, पुन्हा उचला. फिरवली की चौकोन तिरके होतात.

आत फोम घालू का? आणि वरून टिपा मारताना मागच्या कापडाला चुण्या पडतात, त्या कशा टाळायच्या? (एक वाचक, लातूर)

फोम नको. रनर ताठ होतो, फुगतो आणि त्यावर ठेवलेला पेला डुगडुगतो. पातळ सुती वॅडिंग, म्हणजे गोधडीच्या आत घालायचा तयार थर, मिळालं तर उत्तम. परदेशातून लिहिणाऱ्या मैत्रिणींना ते सहज मिळतं. आपल्याकडे नाही मिळालं तर अनेकदा धुतलेल्या जुन्या सुती चादरीचे दोन थर घाला. आपल्या गोधडीत तरी दुसरं काय असतं? जुनी लुगडी आणि धोतरंच. चादर आटून झालेली असते, मऊ असते, आणि रनर टेबलावर सपाट बसतो.

आतला थर आणि खालचं कापड वरच्यापेक्षा चारही बाजूंनी 2 इंच मोठं ठेवा. खालचं कापड उलटं पसरून फरशीला चिकटपट्टीने ताठ चिकटवा, त्यावर चादर, त्यावर चौकोनांचा भाग. मग चार-चार बोटांवर मोठे कच्चे टाके घाला, मधून कडेकडे. टाचण्यांवर भागवू नका, त्या सरकतात आणि टोचतात. चुण्या पडतात त्या बहुतेक या टाक्यांच्या आळसामुळेच.

मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा, टाका 3 मिलिमीटरचा ठेवा, आणि पहिली टीप लांबीच्या मधोमध मारा. मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कडेपासून सुरुवात केली की कापड मध्ये गोळा होतं आणि त्याला जायला जागा राहत नाही. चौकोनांच्या शिवणींपासून पाव इंच सोडून दोन्ही बाजूंनी सरळ टिपा मारा. तिरक्या जाळीचा मोह पहिल्या रनरला आवरा, तिरकं कापड ताणलं जातं. रेषा आखायला साबणाच्या वडीचा झिजलेला तुकडा घ्या, धुतला की निघून जातो.

गोट लावताना कोपरा जाडजूड आणि गोल होतो. उरेब पट्टी घेतली नाही म्हणून का? (एक वाचक, बेळगाव)

नाही. उरेब, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली पट्टी, लागते ती गळ्याला आणि मुंढ्याला, जिथे वळण आहे तिथे. रनरच्या कडा सरळ आहेत, त्यांना सरळ पट्टीच चांगली, ताणली जात नाही. सव्वादोन इंच रुंदीच्या चार पट्ट्या पूर्ण पन्ह्यातून कापा, एकमेकींना तिरक्या जोडा, उभ्या मधोमध दुमडून इस्त्री करा. दुहेरी गोट लवकर विरत नाही.

आधी खालचे जास्तीचे थर वरच्या कडेबरोबर कापून घ्या. लांब बाजूच्या मध्यावर, वीतभर टोक मोकळं सोडून सुरुवात करा. पट्टीच्या कच्च्या कडा रनरच्या कडेवर ठेवून पाव इंचाची टीप. आता कोपरा. पुढची कड पाव इंच उरली की थांबा, टाका पक्का करा, दोरा तोडून रनर बाहेर घ्या. रनर फिरवा, म्हणजे पुढे शिवायची कड तुमच्या उजव्या हाताला उभी येईल. पट्टी वरच्या दिशेला, तुमच्यापासून लांब दुमडा. कोपऱ्यात तिरकी घडी पडेल आणि पट्टी उभ्या कडेच्या रेषेत सरळ वर जाईल. ती तिरकी घडी बोटाने दाबून धरा आणि पट्टी तशीच खाली, स्वतःकडे आणा. वर जी आडवी घडी पडली ती रनरच्या वरच्या कडेला बरोबर टेकली पाहिजे, पुढेही नको, मागेही नको. टीप या घडीच्या अगदी टोकापासून सुरू करा.

गोट उलटवला की कोपऱ्यात आपोआप तिरकी रेष येते. मागची बाजू हातशिलाईने लावा. मशीनने लागते, पण समोर टीप वाकडी दिसते आणि इतक्या कामावर शेवटी तिचाच डाग राहतो.

आईच्या सुती साड्या जपून ठेवल्या आहेत. त्यांचा रनर करावासा वाटतो, पण कात्री चालवायचा धीर होत नाही. (एक वाचक, नागपूर)

तुमच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबा, साड्या कुठे जात नाहीत. पण करायचं ठरवलंत तर फार छान होईल, कारण कपाटातल्या घडीवरही सुती साडी हळूहळू चिरते.

साडी खिडकीसमोर उजेडात धरा. बसायच्या जागी आणि टाचेजवळ ती विरलेली असते, तिथून उजेड जास्त येतो. तो भाग सोडा. पदर आणि काठ बहुधा धड असतात. कापण्याआधी साडीला चांगली खळ द्या आणि इस्त्री करा. मऊ झालेलं सूत कात्रीखाली पळतं, खळीने ते जागेवर राहतं. पातळ असेल तर प्रत्येक चौकोनाला मागून जुन्या मलमलीचा तेवढाच तुकडा कच्च्या टाक्याने लावा आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. काठ मात्र चौकोनांत तोडू नका. इरकलीचा काठ असेल तर तो अखंड, रनरच्या दोन्ही लांब कडांना लावा. एक साडी शिल्लक ठेवा, नेसायला.

काकू, मी वसतिगृहात राहते, मशीन नाही. हाताने होईल का? (एक वाचक, पुणे)

होईल की! तुझ्यासाठी वेगळी रीत सांगते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. चौकोन आधी एकमेकांना जोडायचेच नाहीत. खाली एक अखंड कापड, आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्याच्या कडा आत दुमडून, धावदोऱ्याने थेट खालच्या कापडावर शिवायचं. कडेकडेने चारही बाजू फिरायच्या आणि हळूहळू मध्यापर्यंत यायचं. जोडणं आणि वरचं शिवणं एकदमच होतं, वेगळा गोटही लागत नाही. कोपऱ्यांवर त्या बायका रंगीत तुकड्यांच्या छोट्या घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. तू फूटभर लांबीच्या चटईपासून सुरुवात कर. जाड सुती दोरा आणि बोटात अंगुस्तान घे.

रनरवर वरणाचा डाग पडला. साबण लावला तर लालभडक झाला! (एक वाचक, चिपळूण)

घाबरू नका, हळद साबणाला लागली की लाल होतेच. भरपूर साध्या पाण्याने साबण काढून टाका, डाग पुन्हा पिवळा होईल. मग ओला रनर डागाची बाजू वर करून कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, एका दिवसात नाही गेला तर ओला करून पुन्हा घाला. रनरचे बाकीचे रंग गडद असतील तर तेवढा डागच उघडा ठेवा आणि उरलेल्यावर जुनी चादर पसरा.