प्रतिपिंड, प्रतिद्रव्य की इम्युनोग्लोब्युलिन?

प्रश्न असा आला आहे: ‘डेंग्यूच्या रिपोर्टमध्ये आयजीएम, आयजीजी असं लिहून येतं. डॉक्टर त्यांना अँटीबॉडी म्हणतात, वर्तमानपत्रं कधी प्रतिपिंडे छापतात तर कधी प्रतिद्रव्ये. हे सगळं एकच का? आणि मराठीत लिहायचं झालं तर कुठला शब्द घ्यावा?’

वस्तू एकच: रोगजंतू किंवा विष यांच्याविरुद्ध शरीर तयार करतं ते प्रथिन. पण नावं वेगवेगळ्या अंगांनी पडली आहेत. अँटीबॉडी हे नाव कामावरून पडलं, इम्युनोग्लोब्युलिन घडणीवरून. अँटीबॉडी म्हटलं की ‘कशाविरुद्धची?’ हे लगेच विचारावं लागतं: डेंग्यूच्या विषाणूविरुद्धची, घटसर्पाच्या विषाविरुद्धची. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रथिनांचं एक कुळ. तिथे तो प्रश्न येत नाही. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात रक्तात एकाच साच्याचं इम्युनोग्लोब्युलिन भरमसाट वाढतं आणि ते कशाविरुद्ध आहे हे बहुधा कळतही नाही. तिथे डॉक्टर अँटीबॉडी न म्हणता इम्युनोग्लोब्युलिनच म्हणतात, ते उगीच नाही. तुमच्या रिपोर्टातलं ‘आयजी’ हे या कुळाचं नाव, त्यापुढचं अक्षर वर्गाचं.

अँटीबॉडी हा शब्द मुळात जर्मन. १८९० साली बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी बर्लिनमध्ये दाखवून दिलं, की धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, उंदराला टोचलं तर उंदीरही धनुर्वाताच्या विषातून वाचतो. सीरममध्ये काहीतरी आहे, एवढंच तेव्हा कळत होतं. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिख यांच्या लेखनात त्यासाठी ‘अँटिक्योर्पर’ हा शब्द आला. क्योर्पर म्हणजे शरीर. आपला ‘प्रतिपिंड’ त्याला अगदी चपखल बसतो, कारण ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड म्हणजे शरीरच.

‘प्रतिद्रव्य’ चूक नाही. सीरमात विरघळलेला पदार्थ म्हणून तो शब्द समजायला सोपाही आहे. पण माझं मत प्रतिपिंडाच्या बाजूने पडतं आणि त्याचं कारण त्याची रचना आहे. द्रव्य म्हटलं की बिनआकाराचं काहीतरी मनात येतं. प्रतिपिंडाला चांगला बांधेसूद आकार आहे.

हा आकार उलगडला तो १९५९च्या सुमारास. इंग्लंडमध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडांवर पपेन हे विकर (एन्झाइम) वापरलं. पपेन मिळतं कच्च्या पपईच्या चिकातून. त्याने प्रत्येक प्रतिपिंडाचे तीन तुकडे झाले. दोन तुकडे प्रतिजनाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झालं त्याला, धरून ठेवू शकत होते. तिसऱ्याला ते जमत नव्हतं, पण थंडीत ठेवल्यावर त्याचे स्फटिक होत. स्फटिक व्हायला रेणू एकसारखे लागतात. म्हणजे तिसरा भाग सगळ्या प्रतिपिंडांत जवळजवळ सारखाच, आणि विविधता सगळी पहिल्या दोन तुकड्यांत! केवळ स्फटिकांवरून एवढं हाती लागावं, हे मला आजही थक्क करतं. अमेरिकेत जेराल्ड एडेलमन यांनी गंधकाचे बंध तोडून प्रतिपिंडातल्या प्रथिनांच्या साखळ्याच सुट्या केल्या. दोघांना १९७२चं नोबेल मिळालं. चित्र उभं राहिलं ते असं: दोन जड साखळ्या, प्रत्येकी सुमारे ५०,००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक), आणि दोन हलक्या, सुमारे २५,०००च्या. चारही मिळून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार. दोन हातांची टोकं प्रतिजन पकडणारी, मधे लवचिक सांधा, आणि खालचा दांडा पुढची कामं करणारा.

वर्ग ठरतो तो जड साखळीवरून. गॅमा साखळी असेल तर आयजीजी, म्यू तर आयजीएम, आल्फा तर आयजीए, डेल्टा तर आयजीडी, एप्सिलॉन तर आयजीई. हलकी साखळी कप्पा किंवा लॅम्डा, पण तिच्यावरून वर्ग ठरत नाही. म्हणून मराठीत लिहिताना जड साखळीसाठी ‘वर्ग’ आणि हलकीसाठी ‘प्रकार’ असा भेद पाळावा. आयजीजीचे जे चार पोटभाग आहेत ते ‘उपवर्ग’. ए ते एम ही अक्षरं क्रमवारी सांगत नाहीत. आयजीएममधला एम मॅक्रोग्लोब्युलिनचा, कारण त्यात पाच वाय एकत्र जोडलेले असतात.

रिपोर्ट वाचायला एवढं पुरे: पहिल्या लागणीत आधी आयजीएम दिसतं, आयजीजी मागाहून येतं आणि टिकून राहतं. वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं ते आयजीजी. आईच्या पहिल्या चीकदुधात मात्र भर असतो आयजीएचा. गाईचं वेगळं: तिच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे वासराची सारी भिस्त चिकातल्या आयजीजीवर, आणि तेही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पोटात गेलं तरच. खरवसासाठी चीक काढताना आधी वासराला पोटभर पाजावं, ते यासाठीच.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रतिजैविक म्हणजे अँटीबायोटिक, ते औषध. त्याची प्रतिपिंडाशी गल्लत अनेक बातम्यांत दिसते. आणि प्रतिजन म्हणजे अँटीजेन. त्यातला ‘जन’ लोक या अर्थाचा नाही, जन्म देणारा या अर्थाचा: ज्याच्यामुळे प्रतिपिंड तयार होतं तो. कोविडच्या काळात अँटीजेन टेस्ट आणि अँटीबॉडी टेस्ट यांची सर्रास अदलाबदल झाली. पहिली विषाणूचा अंश शोधते, दुसरी त्याला शरीराने दिलेलं उत्तर.

लिंगाचंही विचाराल म्हणून सांगतो. ‘त्याचा पिंड’ आपण पुल्लिंगी म्हणतो, पण प्रतिपिंड नपुंसकलिंगी रुळला आहे: ते प्रतिपिंड, ती प्रतिपिंडं. अँटीबॉडी स्त्रीलिंगी. घरी बोलताना ‘अँटीबॉडी तयार झाल्या’ म्हणा, लेखात ‘प्रतिपिंडं तयार झाली’ लिहा, आणि रिपोर्टातला वर्ग सांगायचा असेल तर सरळ आयजीएम, आयजीजी.