विचारा बिनधास्त : रस्ता, मोरी आणि निंबाची झाडं

प्रश्न – नमस्कार दादा, गावापासून मेन रोडपर्यंतचा आमचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडकमधून पावणेचार मीटरचा साडेपाच करणार म्हणताहेत. एका कडेला जुनी निंबाची झाडं आहेत ती जातील अशी चर्चा आहे, आणि मागे रस्ता उंच केला तेव्हापासून माझ्या केळीत पावसाळाभर पाणी तुंबतं. सरपंच म्हणतात काम वरून येतं, आपल्या हातात काही नाही. खरं का?
– एक केळीवाला, रावेर तालुका

उत्तर – अजिबात खरं नाही भाऊ. या योजनेच्या नियमातच आहे की डीपीआर (म्हणजे कामाचा सविस्तर आराखडा) पक्का होण्याआधी इंजिनियर, तलाठी, सरपंच आणि गावकरी यांनी मिळून अख्खा रस्ता पायी फिरायचा, ट्रान्सेक्ट वॉक म्हणतात त्याला, आणि त्याची नोंद डीपीआरला जोडायची. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ही फेरी कुणाच्या तरी ओट्यावर चहा पिऊन सह्यांवरच उरकते. म्हणून आत्ताच ग्रामपंचायतीत तारीख विचारा, झालीच म्हणाले तर माहिती अधिकारात नोंदीची नक्कल मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमदारांच्या हातून नारळ फुटल्यावर बोललात तर फोटोत गर्दी तेवढी वाढेल.

फेरी बहुतेक उन्हाळ्यातच निघते, नाला ठणठणीत कोरडा, साहेबाला काय कळणार पाणी कुठून येतं ते? जुलैतला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवा, पाणी जिथं रस्त्याला अडतं तिथं चुन्याची खूण करा आणि रस्त्याखालून पाणी काढणारी मोरी तिथंच मागा. मोरी म्हणजे बारीक पाईप नको, गाळ नि केळीचे खांब अडकून तो पहिल्याच पावसाळ्यात चोंदतो, निदान एक मीटर व्यासाचा पाहिजे. हे फक्त तुमच्या केळीसाठी नाही. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, कडेला पाणी साचलं की साईडपट्टी खचते आणि मग डांबर कितीही जाड टाका, कडेपासून तुटत येतंच. ठेकेदारावर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते, त्यामुळे मोरी त्याच्याही फायद्याचीच.

झाडांचं म्हणाल तर टेप घेऊन जा. डांबराच्या कडेपासून प्रत्येक बुंधा किती लांब ते लिहा, आणि रुंदीकरण समोरच्याच बाजूनं करा अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावात घ्या. खरी गोची पुढं आहे, या योजनेत जमिनीला पैसे मिळत नाहीत, समोरच्या शेतकऱ्यानं पट्टी राजीखुशीनं दिली तरच जमतं. त्याच्याशी आधी बोला, ठराव मागाहून. तो साफ नाही म्हणाला तर निदान झाडांच्या टप्प्यात रुंदी कमी ठेवा असं मागता येतं. (राष्ट्रीय महामार्गाचं गणित वेगळं, तिथं १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते.)

प्रश्न – आमच्या पाड्याला रस्ता पाहिजे पण वनखात्याची जमीन आहे म्हणून फाईल अडली. काही मार्ग?
– धडगावहून एक ताई

उत्तर – आहे ताई. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा १३ सोयींसाठी वनजमीन मिळते, अटी अशा की एका कामाला जागा १ हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी ७५ च्या वर तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ५ मीटर रुंदी धरली तर दोन किलोमीटरच्या आत बसतं, पाड्याला तेवढं बऱ्याचदा पुरतं. मंजुरी डीएफओ, म्हणजे विभागीय वन अधिकारी देतात. शिफारशीच्या ठरावातच दोन गोष्टी लिहून घ्या, डोंगराकडच्या अंगाला गटार, आणि खोदलेला मलबा खालच्या नाल्यात लोटायचा नाही. तिथंच तुमचा झरा असेल तर हे पहिल्या ओळीत लिहा.