वजन तेवढेच, मग कंबर का वाढली?

प्रश्न : माझे वय ४९ आहे. पाळी बंद होऊन सव्वा वर्ष झाले. वजन जेमतेम दोन किलोंनी वाढले, पण पोट चांगलेच सुटले आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल १५२ आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आले. घरचे म्हणतात, हे वयाचेच आहे. शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आता पूर्ण थांबले का? हार्मोनच्या गोळ्यांनी फरक पडेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात, आणि भारतात ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येत असल्याने तुमच्या बाबतीत काही वावगे घडलेले नाही. इस्ट्रोजेन घटते, पण पूर्ण थांबत नाही. अंडाशयातील बीजकोष संपत आले की तेथील इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) कमी होते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे हार्मोन वाढवून अंडाशयाला चालना देऊ पाहते, आणि पुढे जे थोडे इस्ट्रोजेन मिळते ते मुख्यतः चरबीच्या पेशींमध्ये तयार होते.

घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. या वर्षांत वाढणारे वजन बव्हंशी वयामुळे वाढते. परंतु चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात, आतील अवयवांभोवती साठू लागते, ती रजोनिवृत्तीमुळे. त्याच वेळी स्नायू घटत असल्यामुळे वजनकाट्यावर हा बदल दिसत नाही. म्हणून कंबर मोजावी. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पोटातील या चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, आणि इस्ट्रोजेन घटल्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल पूर्वीइतके उचलत नाही. तुमचे दोन्ही आकडे याच्याशी जुळतात. ६.१ हा मधुमेह नव्हे, मधुमेहपूर्व अवस्था आहे. तरीही टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते.

हार्मोन उपचार अंगातून येणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम आणि त्यामुळे मोडणारी झोप यांसाठी उत्तम आहेत, पण केवळ पोट किंवा कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी ते दिले जात नाहीत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेली असल्यास ते सहसा टाळतात.

जेवण निम्मे करण्याच्या फंदात पडू नका, त्याने स्नायू आणखी घटतील. (उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी असते, हा आपला लाडका गैरसमज आहे, तिच्यात पिष्टच अधिक असते.) उसळ, डाळ, ताक किंवा अंडी रोजच्या ताटात वाढवा. चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम करा. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते, तीही त्यामुळे मंदावते. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करून फिजिशियनना दाखवा. रक्तदाब आणि कुटुंबातील हृदयविकार पाहून औषध लागेल का, हे ते ठरवतील. आणि यापुढे थोडासा जरी रक्तस्राव झाला, तरी त्याला पाळी न समजता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.